तोरणाचा नवस

ये गो, अशी जवळ ये. उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखी बसू नकोस. तू तिकडे मुंबईत आहेस आणि मी इथे वहीत लिहिते आहे, हे मला कळतं. पण समोर माणूस बसवल्याशिवाय मला लिहिता येत नाही. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून आणि लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून. तेव्हा चुका काढत बसू नकोस, ऐक.

आधी तुला रागवायचं आहे. गुडघ्याचा पट्टा पाठवलास. साखरेच्या गोळ्या पाठवल्यास. परवा तर भाकऱ्या गरम राहायचा डबा पाठवलास. एकटीच्या दोन भाकऱ्या, त्या गरम ठेवून मी कुणाची वाट बघू? पार्सलवाला पोलादपूरच्या स्टँडवरून फोन करतो, आजी, वाडीपर्यंत आमची गाडी चढत नाय, तुम्हीच खाली या. म्हणजे गुडघ्याचा पट्टा आणायला मी गुडघे धरत डोंगर उतरायचा. अशी तुझी माया. सगळं पाठवतेस, स्वतः येत नाहीस. दोन शिमगे गेले.

का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तुला वाटतं, म्हातारीला त्याचं काही नाही. म्हणून लिहायला बसले. यातलं अर्धं तू पाहिलं आहेस. अर्धं इथे वाडीत झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

उद्या ही वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर त्यालाही कळायला हवं की तू कोण. तू वीरच्या बाजूची, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवरच्या घरातली. महाडच्या कॉलेजात माझ्या लेकीबरोबर शिकलीस. दोघी मुंबईला गेलात, दोघी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागलात, आणि तेव्हापासून एका खोलीत राहता. तुझ्या आईबापांनी तुला दार बंद केलं. माझी एकुलती एक लेक, आणि तू तिची जी कोण आहेस, ती. इथेच माझा हात थांबतो. सगळी गोष्ट या एवढ्याच जागेची आहे.

पहिल्यांदा तू आलीस ती शिमग्याला. तुझे काका, माझे मालक, तेव्हा होते. मी पावट्याची आमटी आणि भात केला होता. तुम्ही दोघी पाटावर शेजारी शेजारी बसलात आणि लॅबमधल्या कुठल्या तरी साहेबाची टवाळी चालली होती. बोलता बोलता तू माझ्या लेकीच्या ताटातल्या मिरच्या एकेक करून उचलल्यास आणि आपल्या ताटात टाकल्यास. तिने बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस. बोलणं एका शब्दानेसुद्धा थांबलं नाही.

मी तुझ्या काकांच्या ताटातली आमसुलं अशीच काढत आले होते. लग्नानंतर पहिली चार वर्षं विचारून काढली, मग विचारायचं राहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, आमटी वाढ. त्या विषयावर आम्ही दोघं ते जाईपर्यंत एवढंच बोललो.

म्हणजे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. पण ठाऊक असणं आणि तोंडाने म्हणणं यांत आमच्या वाडीत फार मोठा डोंगर आहे.

आता नवसाचं सांगते. तू येण्याच्या आदल्या वर्षी मी देवीला बोलले होते. लेक चोवीसची झाली होती, माझ्या जावेची मुलगी तिच्याहून लहान आणि तिच्या कडेवर पोर. मी देवळात जाऊन बोलले, माझ्या लेकीचं लगीन होऊ दे, तुझ्या दारावर पाच नारळांचं तोरण बांधीन. मुलगा कसा, जमीन किती, यातलं काही बोलले नाही. नुसतं लगीन म्हटलं. आमच्याकडे हा नवस आईने फेडायचा नसतो. जिच्यासाठी बोलला तिने आपल्या जोडीने येऊन, दोघांनी दोन टोकं धरून ते तोरण बांधायचं. आईने फक्त नारळ सोलून द्यायचे.

नवस बोलला की तो गावकराला सांगावा लागतो. शिमग्यात पालखी घरोघरी येते तेव्हा तो प्रत्येक घरचं गाऱ्हाणं देवीपुढे मांडतो. तुझे काका गेल्यापासून आमच्या घरी पालखी आली की पाटावर माझे धाकटे दीर आणि जाऊ जोडीने बसतात, कारण मी अशी. मी मागे भिंतीशी उभी. ढोल थांबतो आणि गावकर म्हणतो, मुंबईला चाकरीला गेलेल्यांना संभाळ, गुरावासरांना संभाळ, आणि या थोरल्या वहिनींच्या लेकीचं लगीन जुळू दे.

दरवर्षी. तू आणि ती आतल्या खोलीत उभ्या राहून ऐकायचात. पहिल्या वर्षी तुम्ही हसलात, मला ऐकू आलं. पुढे हसणं थांबलं. एका शिमग्याला पालखी पुढच्या घरी गेल्यावर लेक बाहेर आली आणि म्हणाली, "आई, ते गाऱ्हाणं बंद कर. माझं झालंय."

तिने मला दाखवलं. गळ्यातली बारीक साखळी, तशीच एक तुझ्या गळ्यात. खोलीत देवाच्या फोटोपुढे हार घातले म्हणाली, दोन मैत्रिणी साक्षीला होत्या, एकीने शिरा केला होता. तू दारात उभी होतीस, पदराला हात पुसत. मी काय म्हणाले ते तुला आठवतं. मी म्हणाले, "कागद दाखव."

कागद. मी मागितला, मी. माझ्या स्वतःच्या लग्नाचा कागद नव्हता, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझे काका गेल्यावर जमिनीला वारस लावायचा होता. तलाठी चांगला माणूस, पण त्याला कागद लागतो. लग्नाची नोंद? नाही. फोटो? फोटोवाला महाडहून आणायची ऐपत कुणाची होती. रेशनकार्डावर माझं माहेरचंच नाव राहिलेलं, आणि लग्नात सासरच्यांनी तांदळात लिहून माझं नाव बदललेलं. म्हणजे रेशनकार्डावर एक बाई आणि घरात दुसरी. तलाठी डोकं खाजवून म्हणाला, आजी, तुम्ही त्यांच्या बायको हे मला कसं कळायचं? इतकी वर्षं मी ज्या माणसाची भाकरी भाजली त्याची मी कोण, हे मला चावडीवर उभं राहून विचारलं. मग त्यानेच वाट सांगितली. गावातली पाच माणसं आणा, त्यांनी सांगावं आणि सही करावी. पाच जण आले. त्यांनी सांगितलं, ही त्याची बायको. तीन सह्या, दोन अंगठे, आणि मी बायको झाले. त्या पाचांत पहिली सही गावकराची होती.

हे सगळं मागे झालेलं असून मी तुम्हाला म्हणाले, कागद दाखव. लेकीने साखळी परत आत सारली. तू आत गेलीस आणि भांडी घासायला घेतलीस. घासलेलीच भांडी परत घासलीस, मी पाहिलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टात तो खटला उभा राहिला. दोन बायांचं, दोन पुरुषांचं लग्न कायद्याने लग्न मानायचं की नाही. आमचा बचत गट तेव्हा नाचणीचे पापड लाटायला बसत होता. आठ बाया, आठ पोळपाट, आणि मध्ये कुणाचा तरी मोबाईल डब्याला टेकवलेला. मालिका नसेल तेव्हा बातम्या लागायच्या. काळे डगले घातलेली माणसं बोलत होती, आम्हाला इंग्रजी कळत नव्हतं, खाली मराठी पट्टी धावायची ती मी वाचून दाखवायची. सगळ्यांत मोठ्याने वाचता येणारी मीच. बघ कशी सापडले.

मी वाचलं, लग्नाची व्याख्या. माझी जाऊ पापड उन्हात टाकता टाकता थांबली. तिला बोलण्यात कुणी हरवू शकत नाही. ती म्हणाली, "नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते. इथं नवराच नाय. मग उष्टी कुणाची नि कुणाला?"

सगळ्या हसल्या. लाटणं हातात धरून एक जण इतकी हसली की पापड फाटला. आणि गो, मीही हसले. तुझी शपथ घेऊन सांगते, मला हसू आलं नव्हतं. हसले नसते तर आठ तोंडं माझ्याकडे वळली असती, म्हणून हसले.

एक म्हातारी हसली नाही. तिचा नवरा तरणेपणी मुंबईला गेला तो तिथेच दुसरीबरोबर राहिला, हिला ना सोडचिठ्ठी ना पैसा. ती खाली मान घालून लाटत म्हणाली, "माझं लगीन कोर्टात चालंल असं हाय. पक्कं. त्याचं मी काय लोणचं घालू?" जाऊ म्हणाली, आत्ये, तुमचं वेगळं. म्हातारी म्हणाली, "वेगळंच तर हाय."

मी त्या दिवसांत फार विचार केला. लोकांना घाबरून केला तेवढाच नाही, खरा विचारही केला. माझ्या समजुतीत लग्न म्हणजे एक घर मुलगी पाठवतं आणि दुसरं घर घेतं. चूल बदलते, नाव बदलतं, देव बदलतो. तुमच्यात कोण कुणाला पाठवणार? तुझं आईबापाचं घर बंद, म्हणजे तू माझ्या घरात आलीस म्हणायचं? की माझी लेक तुझ्याकडे गेली? कुळधर्म कुणाचा करायचा? पोरंबाळं नसली तर म्हातारपणी तुम्हाला पाणी कोण देईल? शाळेतून रिटायर झालेले मास्तर पारावर म्हणायचे, लग्न वंशासाठी असतं, बाकी सगळी हौस. मला त्यांचं पटायचं, आणि मग आठवायचं की मास्तरांना स्वतःला मूल नाही, आणि त्यांची बायको आजारी पडली तेव्हा तिची वेणी मास्तर घालायचे. मग काही कळेनासं व्हायचं.

आणि सगळ्याच्या खाली नवस होता. कोर्टाने हो म्हटलं तर माझ्या लेकीचं लगीन झालं. म्हणजे देवीने दिलं. म्हणजे तोरण बांधायचं आलं, आणि ते तुम्ही दोघींनी, भर गावात, दोन टोकं धरून. मी पापड लाटताना हे मनात बघायची आणि माझं लाटणं मध्येच थांबायचं.

पाऊस जाऊन भात कापणीला आलं तेव्हा निकाल लागला. पट्टी मीच वाचली. कोर्ट म्हणालं, दोघींनी एकत्र राहायला कुणाची आडकाठी नसावी, पण लग्नाचा कायदा बदलणं आमच्या हातात नाही, ते संसदेनं ठरवावं. जाऊ म्हणाली, चला, सुटलं एकदाचं.

मलाही तेच वाटलं. सुटले. नवस आला नाही अंगावर. संध्याकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. तू विचारलंस, गोळ्या घेतल्या का? मी म्हणाले, घेतल्या. कापणी कुठवर आली? मी म्हणाले, निम्मी झाली. तरी तू फोन ठेवला नाहीस. तुला माझ्याकडून एक शब्द हवा होता, कुठलाही. मी म्हणाले, ठेवते गो, दूध उतू जातंय. चुलीवर दूध नव्हतं.

आता निकालानंतरच्या मे महिन्याचं सांगते, जे सांगायला मला दोन वर्षं लागली.

तुम्ही दोघी चार दिवस आला होतात. महाबळेश्वर बघून येतो म्हणून भाड्याची स्कूटर घेऊन आंबेनळी घाटाने वर गेलात. उतरताना खडीवर घसरलात. तुझं मनगट मोडलं. तिची मांडी मोडली. कुणा भल्या जीपवाल्याने तुम्हाला महाडला दवाखान्यात पोचवलं. तूच मला फोन केलास. मी आणि दीर पोलादपुरात उतरून रिक्षाने आलो तेव्हा तू बाकावर बसली होतीस, हात ओढणीत बांधलेला, आणि तुझ्या कपड्यांवर तिचं रक्त वाळलेलं. तू उठलीस आणि म्हणालीस, "आई, ते मला सही करू देत नाहीत."

ऑपरेशनच्या कागदाची सही. त्यांना रक्ताचं माणूस हवं होतं, नाहीतर नवरा. टेबलावरच्या बाईने माझ्यापुढे कागद सरकवला. मी सही केली. मग तिने तुझ्याकडे पेनाने दाखवून विचारलं, या कोण?

दीर माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तू माझ्याकडे बघत होतीस. आणि मी म्हणाले, "मैत्रीण हाय. एकत्र राहतात."

ती बाई म्हणाली, मग आत फक्त आई. बाकीच्यांनी बाहेर.

तुला आत जायला मिळालं नाही. तीन दिवस तू मेडिकलच्या दुकानाच्या पायरीवर बसलीस. तुझ्या हाताला तिथेच कुणी प्लॅस्टर घालून दिलं. मी तुला भाकरी पाठवायची दिराच्या हाती, जशी कामावरच्या गड्याला पाठवतात. पहिल्याच दिवशी आत नर्सने मला विचारलं, पेशंटला कुठलं औषध सोसत नाही का? मी म्हणाले, नाय, तिला काय होत नाय. आईच ना मी. आईला काय ठाऊक नसणार?

रात्रीपर्यंत लेकीचं तोंड सुजलं. डोळे बंद झाले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. धावाधाव झाली. दिराने खाली जाऊन तुला सांगितलं, आणि तू पायरीवरून उठून जिन्यावरून, वॉचमनने धरलेला हात सोडवून वर आलीस आणि दारातूनच त्या डॉक्टरांना इंजेक्शनाचं नाव सांगितलंस. दुखण्याचं ते एक इंजेक्शन तिला चालत नाही, सहा वर्षांपूर्वी दाढ काढली तेव्हा असंच झालं होतं. तुझ्या पाकिटात तिच्या नावाची चिठ्ठीसुद्धा होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आधी का सांगितलं नाही?

सकाळपर्यंत सूज उतरली. तिला डोळे उघडता आले. मी तुला चहा घेऊन खाली आले. तू चहा घेतलास, पण कपाकडेच बघत राहिलीस. मग म्हणालीस, "दिल्लीचं सोडा, काकी. इथे तुम्ही एकट्या पुरल्या असतात."

काकी. बारा वर्षं तू मला आई म्हणत होतीस.

तिला हिंडता येईपर्यंत तू राहिलीस, मग तिला घेऊन मुंबईला गेलीस. त्यानंतर पार्सलं येतात. लेकीचा फोन येतो, ती बरी आहे म्हणते, पाय किंचित ओढते म्हणते, आणि तुझं विचारलं की म्हणते, ती कामात आहे.

गेल्या शिमग्याला तुम्ही नव्हतात. गावकराने नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, मी भिंतीशी उभी राहून ऐकलं, बोलले नाही. एवढं सगळं होऊनही बोलले नाही, हेही लिहून ठेवते. माणूस एका दिवसात सुधारत नाही गो.

या शिमग्याला पालखी आली ती दुपारच्या उन्हात. अंगण शेणाने सारवलेलं, दीर आणि जाऊ पाटावर. ढोल थांबला. गावकर आता थकले आहेत, ऐंशीच्या पुढचे, पण आवाज तसाच. मुंबईकरांचं झालं. गुरांचं झालं. आणि ते म्हणाले, थोरल्या वहिनींच्या लेकीचं...

मी भिंतीपासून पुढे आले. "ते आता मांडू नका," मी म्हणाले. "तिचं झालंय."

जावेने मान वळवली. "कधी झालं, ताई? आम्हाला अक्षता पण नाय?"

"अक्षता मलाही नव्हत्या," मी म्हणाले. "पण झालंय. ती जी तिच्याबरोबर येत होती, तिच्याशी."

अंगणात पन्नास माणसं असतील. पालखीचे भोई खांदा बदलायचे थांबले. दीर पाटावरून उठले आणि घरात गेले. जाऊ एकटी पाटावर राहिली, तिला उठावं की बसावं कळेना. गावकरांनी मला बाजूला घेतलं नाही, तिथेच, देवीच्या समोर विचारलं.

"वहिनी, तुम्ही लगीन पाहिलंत?"

"तुम्ही माझं पाहिलं होतंत?"

ते माझ्या लग्नाच्या वेळी मुंबईला गिरणीत होते. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"मग तलाठ्याकडं सही कशी केलीत?" मी विचारलं.

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, "तुम्ही त्याचं सगळं केलंत, ते डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून केली."

"तसंच मी बघितलंय," मी म्हणाले. "तेवढं देवीला सांगा."

तुला वाटेल, त्यांनी सांगितलं. नाही सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, वहिनी, हे माझ्या तोंडातून निघायचं नाय, माझं वय गेलं. आणि ते पुढच्या गाऱ्हाण्याला लागले, आंब्याचं, पाण्याचं. लेकीच्या लग्नाचं म्हटलं नाही आणि तुमचंही म्हटलं नाही. जाताना त्यांनी मुंबईला गेलेल्यांसाठी अंगारा दिला, लेकीच्या नावाची एकच पुडी, नेहमीसारखी. मी ती रात्री उघडून दोन कागदांत केली. तुझी तुळईवर ठेवली आहे.

तेव्हापासून जाऊ माझ्याशी बोलत नाही. मधली भिंत एक आहे, तिची फोडणी माझ्या घरात खकाणते, पण ती बोलत नाही. दीर बोलतात, कामापुरतं. बचत गटात मला बसायला जागा आहे, पण मोबाईल माझ्यापुढे कुणी टेकवत नाही. ती म्हातारी मात्र काल मागच्या परड्यातून आली, कुणी बघत नाही असं पाहून, आणि म्हणाली, तुमच्या त्या पाच जणांत माझा अंगठा धरा. तुमच्या लग्नालाही तसेच पाच साक्षी जमवायचं माझ्या मनात आहे, हे तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही. म्हणजे आम्ही दोघी झालो. पाच व्हायला तीन हवेत, आणि तीन कुठून आणायचे ते मला दिसत नाही. पुढच्या वेळी कुठल्या टेबलावर कागद सरकवला तर आमच्या दोघींची सही कुणी धरणारही नाही, तेही मला कळतं. पण मला कुणी विचारलं की या कोण, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. तू समोर आलीस की दिराच्या देखत, जावेच्या देखत म्हणेन. लिहिलेलं तर काय, चुलीतही जातं.

नवस अजून तसाच आहे. शिमगा झाल्यावर मी पाच नारळ सोलून ठेवले, शेंड्या ठेवल्या आहेत बांधायला, सुंभ वळून ठेवलं आहे. रोज सकाळी एकेक कानाशी हलवून बघते. आतलं पाणी कमी व्हायला लागलं आहे. या उन्हात ते फार दिवस टिकायचे नाहीत, आणि वाळका नारळ मी देवीला देणार नाही. तोरण मला एकटीला बांधता येत नाही, ते तू जाणतेस. दोन टोकांना दोघी लागतात. गावकर देवळाचं दार उघडतील की कुलूप लावून बसतील, सांगता येत नाही. कुलूप असलं तर बाहेरच्या चौकटीला बांधू. मी दगड धरून उभी राहीन खिळा ठोकायला.

तिच्या पायाला डोंगर चढवेल का, ते तूच ठरव, तुला जास्त कळतं. नसेल जमत तर पोलादपूरहून जीप मी पाठवते, फोनवर सांग. मिरच्या न घातलेली पावट्याची आमटी मला आता करता येते. पार्सल पाठवू नकोस आता काही. वीरला उतरा, रिक्षा करा आणि दोघी या. नारळातलं पाणी वाजतंय तोवर या गो.